४ वर्षांचा मुलगा बारीक दिसतो पण घरच्या काट्यावर फॅट जास्त दाखवतंय, कसं काय?

घोडबंदरची_आई:
मुलगा नुकताच ४ पूर्ण झालाय, वजन १४.५ किलो, उंची १०० सेमी. सासूबाईंचं रोज चालू, पोर सुकलं, बरगड्या दिसतात, दोन वर्षांचा असताना कसा गुबगुबीत होता. त्यात नवऱ्याने तो मोबाईलला जोडायचा काटा आणलाय, त्यावर ह्याला उभं केलं तर फॅट २५ टक्के! म्हणजे बारीक पण आणि फॅट पण? खाणं म्हणाल तर चॉकलेट पावडर घातलेलं दूध तीन मोठे कप, बिस्किटं, आणि पोळीभाजी समोर आली की पोट दुखतं. शाळा व्हॅनने, संध्याकाळी खाली सोसायटीच्या पोडियमवर (पार्किंगच्या वरची मोकळी जागा) थोडा वेळ, बाकी घरात टीव्ही. वजन वाढायला काय देऊ? पावडर वगैरे कोणी दिलीये का?

ऐरोलीचा_बाबा:
आधी तो काटा मोठ्यांसाठीच ठेवा ताई. त्यातून पायाला बारीकसा करंट जातो आणि पुढचा सगळा हिशोब मोठ्या माणसांच्या फॉर्म्युल्यावर, ४ वर्षांच्या पोराला तो आकडा लागूच होत नाही. वजन तेवढं बघा, बाकी सोडून द्या.

वाशी_डाएटिशियन:
वरच्यांशी सहमत. आता वजनाचं. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) चार्टवर ४ वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १६.३ किलो आणि १२.७ च्या खाली गेलं तर कमी वजन धरतात, म्हणजे तुमचा मुलगा नॉर्मलमध्येच आहे. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, १४.५ येतो, तोही ठीक. आणि ह्या वयात मुलं बारीक दिसायलाच हवीत, पहिल्या वाढदिवसाच्या आसपास बीएमआय सगळ्यात जास्त असतो, मग उतरत उतरत ५-६ वर्षांपर्यंत तळाला जातो आणि तिथून परत चढतो. हा चढ फार लवकर सुरू झाला तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते, त्यामुळे आत्ता ठासून भरवून गुबगुबीत करायच्या मागे लागू नका. गेल्या वर्षीचं वजन-उंची फाईलमध्ये असेल ना, ते बघा. साधारण २ किलो आणि ६-७ सेमी वाढ झाली असेल तर छान. वजन जागच्या जागी थांबलं असेल किंवा घसरत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

बारीक पण फॅट हा प्रकार आपल्याकडे खरंच असतो बरं का, फक्त तो तुमच्या काट्याने कळत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली होती, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ ची, पण आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. म्हणून नुसतं साखर-तूप वाढवून किलो वाढवले तर काय वाढतंय ते बघायला नको का? डाळ, अंडं, मासे, दही आणि भरपूर पळापळ, स्नायू त्यानेच होतात.

आणि ते तीन कप दूध!! भूक तिथेच मरते. दिवसाला ४००-५०० मिली पुरे, जास्त झालं की जेवण कमी होतं आणि दुधात लोह जवळजवळ नसतं, हिमोग्लोबिन उतरतं. पावडरची काही गरज नाही, त्यात साखरच जास्त असते.

नौपाड्याची_आजी:
मला आजी म्हणून सगळं पटत नाही, चमचाभर तुपाने कोणी लठ्ठ होत नाही हो. पण टीव्हीसमोर भरवणं बंद करा हे मीही सांगते. मुगाचं धिरडं, थालीपीठ, नाचणीची आंबील, भाकरी चुरून वरणात. शेंगदाणे मात्र कूट करून लाडवात, अख्खे नको, घशात अडकतात. समोर ठेवा आणि गप्प बसा, नाही खाल्लं तर उचला, पुढच्या वेळेपर्यंत मधे बिस्किट नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, नवऱ्याला सांगायला लावा 😄

घोडबंदरची_आई:
थँक्यू सगळ्यांना. फाईल काढली, गेल्या वर्षी १२.७ किलो होता, म्हणजे वाढ ठीक आहे. आता दूध कमी करायचं. पण पळापळ कुठे करवू, पोडियमवर बॉल खेळायला बंदीचा बोर्ड आणि वर हा पाऊस. एखादा स्केटिंगचा क्लास लावू का?

ऐरोलीचा_बाबा:
क्लास कशाला, तिथे निम्मा वेळ रांगेत उभं राहण्यात जातो. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० दम लागेल अशी, आणि स्क्रीन एक तासाच्या आत. एकदम नाही हो, तुकड्यातुकड्याने. आमच्याकडे पावसात जिने चढणं, पॅसेजमध्ये बेडूकउड्या, गादीवर कोलांट्या, बाजारातून येताना कोथिंबिरीची पिशवी त्याच्याकडे. पाऊस उघडला की रविवारी तुम्हाला उपवन तलाव किंवा कोलशेतचं नमो सेंट्रल पार्क आहेच. बिल्डिंगखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये पकडापकडी खेळू देतात का सोसायटीत विचारा, फक्त ऑफिसवाल्यांच्या गाड्या परत यायच्या आधी, आणि एक मोठं माणूस तिथे हवंच.