ऊन पडलं म्हणजे उतार सुरक्षित झाला असं नाही

हिमस्खलनाच्या, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून खाली कोसळण्याच्या, धोक्याबद्दल इथे एकानं लिहिलंय की बर्फ पडायचा थांबून लख्ख ऊन पडलं की ट्रेकला निघायला हरकत नाही. हे म्हणणं अर्धंच पटतं. बर्फ पडून गेल्यावरचे पहिले एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे. शिवाय आकाश निळं असलं तरी वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर थर चढवत असतो. 30 ते 45 अंशांचा उतार दिसला की मी तरी वाट बदलतो, मग तो पायाखाली असो की डोक्यावर.

बीकन (बर्फात गाडलेल्याचा ठाव लावायला संदेश सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी), फावडं भाड्यानं घ्या म्हणून इथे सगळ्यांनीच लिहिलंय, पण सराव कुठे करायचा? नागपुरात बर्फ नाही, पालापाचोळा भरपूर आहे! आमचा ग्रुप अंबाझरीकडच्या मैदानात एक बीकन पिशवीत घालून पाचोळ्याच्या ढिगात पुरतो आणि दुसऱ्या बीकननं तो शोधतो. शोधणाऱ्या यंत्रावरचा बाण सरळ नेत नाही, वळसा घालून नेतो. नवखा माणूस तिथेच गडबडतो. शेवटच्या दोन-तीन मीटरवर यंत्र जमिनीलगत धरून सावकाश पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवायचं, अंतराचा आकडा सर्वात कमी येईल तिथे प्रोब खुपसायचा. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता साधारण 15 मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते, तेव्हा घड्याळ लावूनच करा. आणि हो, शोधताना खिशातला मोबाइल बंद ठेवा, त्याचा बीकनला अडथळा होतो.