नवी मुंबईत परदेशी विद्यापीठं येतायत, पण आपल्या विद्यापीठांचं काय?

मुळाकाठ: जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली, अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची डिझाइन शिकवणारी आयईडी. नवी मुंबईत विमानतळाजवळ एज्युसिटी, म्हणजे अशा विद्यापीठांची एकत्र वसाहत, होणार म्हणे. येऊ देत की, पण याला उच्च शिक्षणाचं आंतरराष्ट्रीयीकरण म्हणायला माझा ठाम विरोध आहे. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांत फी किती घ्यायची, प्रवेश कुणाला द्यायचा हे त्यांच्यावरच सोडलंय, आरक्षणाचं बंधन नाही, मग गडचिरोलीच्या पोराला याचा काय उपयोग? मी पुण्यात एका कॉलेजात फॉरेन स्टुडंट्सचं काम बघते. आफ्रिकेतून मुलगा येतो, हॉस्टेलला जागा नाही म्हणून बाहेर खोली शोधतो, घरमालकाला कळतं की परदेशी भाडेकरूची माहिती पोर्टलवर भरावी लागते की तो म्हणतो नको ती भानगड, इकडे पत्त्याचा पुरावा नाही म्हणून एफआरआरओचं, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचं, रजिस्ट्रेशन अडतं आणि त्याला मुदत असते १४ दिवसांची. आधी हे नीट करा ना!

सातारकर: ताई, तुमचा त्रास खरा आहे पण त्यासाठी दुसऱ्याचं दार कशाला बंद करता? माझी पुतणी मास्टर्सला ब्रिटनला गेली, भावाने जमीन तारण ठेवली, फीपेक्षा राहण्याखाण्याचाच घोर जास्त. तीच डिग्री पनवेलला लोकलने जाऊन मिळाली असती तर? नियमातच लिहिलंय की इथल्या डिग्रीला मूळ कॅम्पसच्या डिग्रीइतकीच मान्यता हवी. गुजरातच्या गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलोंगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं २०२४ पासून चालू आहेत, गुरुग्रामला ब्रिटनचं साऊथॅम्प्टन २०२५ ला सुरू झालं. आपणच मागे का राहायचं?

एक प्राध्यापक: पोरं नुसत्या डिग्रीसाठी जात नाहीत हो, शिक्षणानंतरच्या वर्क व्हिसासाठी जातात, आणि पनवेलच्या कॅम्पसमध्ये तो मिळणार नाही. ब्रिटन तरी काय, ग्रॅज्युएट रूटची (शिक्षणानंतर तिथे राहून काम करायच्या व्हिसाची) दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांवर येतायत. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आणली आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी तिथली कॉलेजं तोट्यात गेली, कोर्स बंद, माणसं कमी. परदेशी फीवर बजेट उभं करायच्या नादात आपल्याकडच्या मॅनेजमेंटनी पडू नये एवढंच म्हणणं आहे.

सातारकर: सर, तो कॅनडाचा प्रश्न. आपल्याकडे परदेशी विद्यार्थी आहेतच किती की बजेट त्यांच्यावर उभं राहील? आणि शेजारी तगडं विद्यापीठ आल्याशिवाय आपली विद्यापीठं हलत नाहीत, स्पर्धा हवीच.

मुळाकाठ: स्पर्धेने ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत दाखला, लवकर मिळणार आहे का? मुद्दा साधा आहे. २०२२ च्या युजीसी नियमांनुसार नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात किमान ३.०१ गुण असलेली संस्था जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या १००० मधल्या विद्यापीठाशी ट्विनिंग करू शकते, म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स (अभ्यासक्रमाचे श्रेयांक) तिकडून आणता येतात. एक सेमिस्टर बाहेर, बाकी डिग्री इथलीच, घरच्यांना कर्जाचा डोंगर नाही. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. मुलगी एक्स्चेंजवर एक सेमिस्टर करून आली, तिकडचा पेपर आपल्या सिलॅबसशी शब्दाला शब्द जुळत नाही म्हणून बोर्ड ऑफ स्टडीजने (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाने) क्रेडिट्स अडवली, परीक्षा विभाग म्हणे लेखी आदेश आणा, आणि तोवर रिझल्ट लागला त्यात तिचा पेपर गैरहजर दाखवला. शेवटी तिने तोच विषय परत दिला. पुढच्या वर्षी त्या डिपार्टमेंटमधून एकानेही अर्ज केला नाही.

सातारकर: हे वाईटच झालं, मान्य. तरी एज्युसिटी नको हे मी मानणार नाही.

एक प्राध्यापक: मग किमान एवढं तरी मागू या, करार करतानाच कुठला पेपर कुठल्या पेपरच्या बदल्यात धरायचा याचा तक्ता बोर्ड ऑफ स्टडीजने मंजूर करून ठेवायचा, मुलगी विमानात बसायच्या आधी. याला ना जमीन लागते ना विमानतळ.