मदत हवी आहे: पॉइंट टू टू रायफल ५० मीटरला मस्त, १०० ला ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका) फाटतोय

नमस्कार मंडळी, मी जळगावकडचा. पॉइंट टू टू बोल्ट अ‍ॅक्शन आहे, लायसन्सची, फक्त रेंजवर टार्गेट मारायला. ५० मीटरला रेस्टवरून पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातात. तीच रायफल तीच पेटी १०० ला नेली की ग्रुप दुप्पट व्हावा ना, तर चौपट-पाचपट होतो आणि एखादी गोळी तर भलतीकडेच. स्कोपचे माउंट, अ‍ॅक्शनचे स्क्रू, पॅरॅलॅक्स (डोळा हलला की स्कोपमधलं निशाण सरकतं ते) सगळं तपासून झालं.

संशय काडतुसांवर आहे. हाय व्हेलॉसिटी म्हणजे जास्त वेगाची, ४० ग्रेन वजनाची गोळी, नळीतून निघताना सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास आणि १०० मीटरला पोचेस्तोवर ३०० च्या जवळ, म्हणजे मधेच आवाजाच्या वेगाखाली उतरते. तिथे हवेच्या दाबाची जागा सरकते अन् गोळी डोलायला लागते म्हणतात. त्यात आपला खान्देश, डिसेंबरात सकाळी १० डिग्रीला आवाजाचा वेग ३३७, मे मधे ४५ ला ३५८! थंडीत गोळी पार ५० मीटरजवळ जाऊन त्या वेगाखाली उतरणार, उन्हाळ्यात २० च्या आसपासच. मग सीझनप्रमाणे ग्रुप बदलतो का? आणि स्टँडर्ड व्हेलॉसिटी घेतली तर हळू गोळीला वारा जास्त नाही का लागणार, आमची रेंज उघड्यावर आहे, दुपारनंतर आडवा वारा सुटतोच.

स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधे ब्राँझ आणलं तेव्हापासून इकडची पोरं पॉइंट टू टूबद्दल विचारायला लागलीत, फार बरं वाटतं, पण ती इव्हेंट ५० मीटरची, १०० बद्दल सांगणारं कोणी भेटत नाही. काडतुसं मोजून मिळतात, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद, धुळेकर:
भाऊ, स्टँडर्डच घ्या. ती ३२५-३३० ला निघते, आपल्याकडे हिवाळा असो की उन्हाळा, आवाजाचा वेग ओलांडतच नाही. वाऱ्याचं उलटं आहे. गोळी किती वेळ हवेत राहिली त्यापेक्षा हवेने तिचा किती वेळ खाल्ला त्यावर ती सरकते, आणि आवाजाच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो म्हणून फास्ट गोळी जास्त वेळ गमावते. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात १०० मीटरला स्टँडर्ड साधारण १२ सेंमी सरकेल, हाय व्हेलॉसिटी १५ च्या आसपास.

पण सगळा दोष डोलण्यावर टाकू नका. एकाच पेटीतल्या दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक असला तर ५० ला सेंटिमीटरही दिसत नाही, १०० ला वर-खाली जवळपास ३ सेंमी होतो. पॉइंट टू टूचं काडतूस घरी भरता येत नाही, म्हणून मॅचवाले आधी लॉट (एका खेपेत बनलेली काडतुसं) टेस्ट करतात, चांगला निघाला की तोच नंबर साठवतात. तुमचा ग्रुप कसा फाटतोय, उभा की आडवा? उभा असेल तर वेगातला फरक, आडवा असेल तर वारा, चहूकडे असेल तर नळीच्या तोंडाची कड कापूस फिरवून बघा, धागा अडकला तर खरवड आहे.

धागाकर्ता:
दादा, बराचसा उभाच आहे, ती भलतीकडे जाणारी मात्र कधी डावीकडे कधी उजवीकडे. स्टँडर्डचे दोन वेगळे लॉट आणतो, सकाळी वारा नसताना मारतो. तिकडे कोणाकडे क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर एका सकाळपुरता मिळेल का, मी धुळ्याला यायला तयार आहे.