पोस्ट-बॅक: नावाजलेला अभ्यासक्रम की सुटे विषय?

हडसनकाठ (धागाकर्ते)

आमची कन्या २६ वर्षांची आहे. अर्थशास्त्राची पदवी घेऊन (जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी गुणांक, ३.७) तिने न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत चार वर्षे नोकरी केली, आणि आता तिला डॉक्टर व्हायचे आहे. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो की अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण साधारणपणे पदवीनंतर सुरू होते आणि पदवी कोणत्याही विषयातली चालते. मात्र जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे वर्ष-वर्षभराचे विषय प्रयोगशाळेसह झालेले असावेत, अशी बहुतेक मेडिकल स्कूलांची अपेक्षा असते आणि अनेक ठिकाणी जीवरसायनशास्त्रही मागतात. पदवीच्या काळात हे विषय घेतले नसतील तर ते नंतर पूर्ण करतात, त्यालाच इथे पोस्ट-बॅक म्हणतात.

तिचा ओढा ब्रिन मॉर किंवा गाउचर यांच्यासारख्या, एका वर्षात सगळे विषय पूर्ण करून घेणाऱ्या अभ्यासक्रमांकडे आहे. अशा खासगी कॉलेजांत नुसती फीच ४० हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकते, शिवाय नोकरी सोडावी लागते ती वेगळीच. माझे स्पष्ट मत असे आहे की हेच विषय तिने घराजवळच्या सरकारी विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गांत, नोकरी सांभाळून, दोन-अडीच वर्षांत घ्यावेत. बेंझिनचे वलय दोन्हीकडे षट्कोनीच असते. त्यापुढे मेडिकलची चार वर्षे आणि त्यांचे कर्ज उभे असताना दारातच एवढे पैसे मोजण्यात मला शहाणपण दिसत नाही. विरुद्ध मत असल्यास अवश्य मांडावे.

रानजाई

माझे मत विरुद्ध आहे आणि ते अनुभवाचे आहे. मी स्वतः इतिहासाची पदवीधर. आधी तुमच्याच पद्धतीने सुरुवात केली, मग औपचारिक अभ्यासक्रमात गेले, आणि आज मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे वैद्यकीय पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण, करते आहे.

तुम्ही फीचा हिशेब मांडलात, काळाचा मांडला नाहीत. औपचारिक अभ्यासक्रम मे-जूनमध्ये सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपतो. त्यानंतर एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देऊन जूनमध्ये अर्ज केला, तरी प्रत्यक्ष प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिळतो. मधल्या त्या वर्षाला ग्लाइड इयर म्हणतात. काही अभ्यासक्रमांचा ठरावीक मेडिकल स्कूलांशी लिंकेजचा करार असतो, आणि त्यातून निवड झाल्यास हे मधले वर्ष वाचते. तुमच्या मार्गाने अडीच वर्षे विषयांची आणि वर संपूर्ण एक वर्ष वाट पाहण्याचे, म्हणजे मुलगी तिशीला टेकल्यावर मेडिकलच्या पहिल्या वर्षात बसेल. वाया गेलेले वर्ष कारकिर्दीच्या शेवटच्या टोकाकडून, म्हणजे पूर्ण पगाराच्या वर्षांतून कापले जाते, हे विमा कंपनीत काम करणाऱ्या तुमच्या कन्येला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. संध्याकाळच्या वर्गात आम्ही दीडशेजण होतो आणि प्राध्यापकांना माझे नावही ठाऊक नव्हते. त्यांनी दिलेले पत्र दोन ओळींचे असावे असा माझा आजही संशय आहे. औपचारिक अभ्यासक्रमात सल्लागार समिती तुमच्या वतीने एकत्रित पत्र देते, अर्ज वाचून देते, मुलाखतीची तयारी करून घेते. दिवसभर नोकरी करून रात्री नऊला सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलीला बी ग्रेड मिळाली, तर वाचलेले पैसे कोणत्या कामाचे?

भागाकार

रानजाई यांच्या काळाच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण लिंकेजचे वर्णन त्यांनी फार उजळ केले आहे. लिंकेजमधून अर्ज करणाऱ्याला सहसा त्या एकाच स्कूलला बांधून घ्यावे लागते आणि त्या वर्षी इतरत्र अर्ज करता येत नाही. जीपीएची आणि बहुधा एमकॅटचीही किमान अट असते, ती हुकली की वाचलेले वर्ष पुन्हा ग्लाइड इयर होते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा टक्केवारीतल्या छेदाचा आहे. आमच्याकडच्या नव्वदहून अधिक टक्के विद्यार्थ्यांना मेडिकलला प्रवेश मिळतो, अशी जाहिरात वाचली की पहिला प्रश्न विचारावा की नव्वद टक्के कशाचे? ज्यांची सुरुवातीलाच कसून निवड केली, त्यांच्यापैकी जे शेवटपर्यंत टिकले, आणि त्यांच्यातही ज्यांना समितीने पत्र दिले, त्यांचे असेल, तर ते यश अभ्यासक्रमाचे किती आणि चाळणीचे किती? समितीचे पत्र दुधारी असते. समितीने यंदा अर्ज करू नका असे सांगितले, तर तो विद्यार्थी टक्केवारीतून अलगद बाहेर पडतो.

हा धागा वाचणाऱ्या इतर पालकांसाठी एक फरक सांगतो, कारण पोस्ट-बॅक या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. धागाकर्त्यांच्या कन्येसारख्यांचा, म्हणजे विज्ञान कधीच न घेतलेल्यांचा मार्ग वेगळा आणि विज्ञान घेऊन गुण घसरलेल्यांचा वेगळा. समजा, १२० क्रेडिटांवर जीपीए ३.१ आहे आणि नंतर ३२ क्रेडिटांत सलग ए ग्रेड, म्हणजे ४.० मिळवले, तरी एकूण आकडा ३.२९ च्याच घरात जातो. एमडीच्या (इथे ही डॉक्टरकीची मूळ पदवी) अर्जांची केंद्रीय सेवा, म्हणजे ॲमकॅस, पुन्हा घेतलेल्या विषयाची जुनी ग्रेड पुसत नाही, दोन्ही मोजते. अशा विद्यार्थ्याने घाईघाईने स्पेशल मास्टर्स, म्हणजे मेडिकलच्या तयारीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, घेण्याआधी दहादा विचार करावा. जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी हा अभ्यासक्रम मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा असतो, त्यात चमकले तर वजन पडते हे खरे; पण ते गुण पदव्युत्तर म्हणून वेगळे दाखवले जातात, मूळ जीपीए तसूभरही हलत नाही, आणि तिथे बी ग्रेडा आल्या तर मेडिकलचा अभ्यास झेपत नाही याचा पुरावा आपणच पैसे भरून तयार केलेला असतो.

मुळाकाठ

थोडे वेगळे विचारतो. माझा भाचा पुण्यातून बीएस्सी करून एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) अमेरिकेत गेला आहे. त्याच्या पदवीत हे सगळे विषय झालेले असूनही त्याला पोस्ट-बॅक करावे लागेल का?

भागाकार

बहुधा करावेच लागेल. परदेशातल्या पदवीचे गुण ॲमकॅस जीपीएत धरत नाही, आणि अनेक स्कूले काही क्रेडिटे अमेरिकेतल्या कॉलेजातलीच हवीत अशी अट घालतात. पण त्याच्यासाठी पहिला प्रश्न पोस्ट-बॅकचा नसून ग्रीन कार्डाचा आहे, कारण ते नसलेल्यांचे अर्ज बऱ्याच मेडिकल स्कूलांत, विशेषतः सरकारी स्कूलांत, विचारातच घेतले जात नाहीत. ते हाती नसताना महागडा अभ्यासक्रम मुळीच घेऊ नये.

हडसनकाठ

रानजाई, काळाचा मुद्दा मान्य, पण नोकरी सांभाळून शिकणारे सगळेच बी ग्रेड आणतात असे नाही. तडजोड म्हणून तिने जानेवारीपासून रसायनशास्त्र संध्याकाळी घेऊन पाहावे, झेपले तर तिथेच पुढे जावे, न झेपल्यास ब्रिन मॉरकडे अर्ज करावा, असे मी सुचवतो आहे.

रानजाई

ही तडजोड दिसते तितकी निरुपद्रवी नाही. असे अभ्यासक्रम मुळात हे विषय न केलेल्यांसाठीच असतात, आणि त्यातले बरेचसे विषय आधी उरकून आलेल्याचा अर्ज ते सहसा घेत नाहीत. शिवाय पहिल्याच सत्रात सी ग्रेड आली, तर ती नोंद दोन्ही मार्गांवर कायमची सोबत येईल. आधी निर्णय घ्या, मग नाव नोंदवा. चाचपणीच करायची असेल तर गणिताची उजळणी करावी, रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जावे. त्याने कोणतेच दार बंद होत नाही, उलट तो अनुभव अर्जात लागतोच.

भागाकार यांच्या छेदाबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या तुकडीतले चारजण मधेच गेले, आणि ते कोणत्या टक्केवारीत धरले गेले हे विचारायचे मला तेव्हा सुचले नाही.

हडसनकाठ

जानेवारीची नावनोंदणी थांबवली आहे. कन्येने काल दोन अभ्यासक्रमांना पत्र लिहून एकच प्रश्न विचारला, की गेल्या तीन वर्षांत जितके विद्यार्थी दाखल झाले त्यांपैकी किती जणांना तुम्ही अर्ज न करण्याचा सल्ला दिलात. एकीकडून आज सकाळी वर्षवार आकडे आले. दुसरीकडून माहितीपुस्तिका आली.