रासायनिक समीकरण जमते, पण आकडेमोड अडते

प्रश्न: माझी मुलगी रासायनिक समीकरणे अचूक संतुलित करते, परंतु ४ ग्रॅम हायड्रोजनपासून किती पाणी तयार होईल, असे विचारले की अडखळते. तिचे रसायनशास्त्र कच्चे आहे की गणित?

उत्तर १: बहुधा या दोहोंमधला दुवा निसटला आहे. समीकरणातील सहगुणक (सूत्रांआधीचे आकडे) वस्तुमानाचे नव्हे, तर कणांच्या संख्येचे प्रमाण सांगतात. मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या. २ मोल हायड्रोजन आणि १ मोल ऑक्सिजन यांपासून २ मोल पाणी मिळते; एका मोलचे वस्तुमान हायड्रोजनसाठी २, ऑक्सिजनसाठी ३२ आणि पाण्यासाठी १८ ग्रॅम असते, म्हणूनच ४ ग्रॅम आणि ३२ ग्रॅम मिळून ३६ ग्रॅम होतात.

उत्तर २: सहमत आहे. प्रत्येक संख्येपुढे एकक लिहिण्याचा आग्रह मात्र धरावा.

उत्तर ३: पुढे ऑक्सिजन १६ ग्रॅमच दिल्यास काय होईल, हे तिला विचारा. पाणी १८ ग्रॅम मिळेल आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरेल, हे तिने स्वतः शोधले, तर संकल्पना समजली असे खुशाल माना.