मदत हवी आहे : बाबांच्या कामाच्या कपड्यांतून आईला ॲस्बेस्टॉसचा आजार, हक्क कोणते?

नमस्कार मंडळी. आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातले. बाबांनी बरीच वर्षं ॲस्बेस्टॉस (एक तंतुमय खनिज) घातलेले सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम केलं. घरी येत तेव्हा सदऱ्यावर, भुवयांवर पांढरी भुकटी असायची. आई ते कपडे अंगणात झटकून मग धुवायची. कारखान्यात पाय न ठेवलेल्या माझ्या आईला आता मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला आहे. संपर्कानंतर हा आजार 20 ते 40 वर्षांनीही होतो, असं डॉक्टर म्हणाले.

कामगारांसाठी वाट आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा हा कॅन्सर होता. 1995 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने कामगाराचं आरोग्य हा मूलभूत हक्क मानला, आरोग्याच्या नोंदी 40 वर्षं जपायला सांगितलं. पण आई कामगार नाही, आणि सगळं इथेच अडतं.

तिच्या नावाने कारखान्यावर निष्काळजीपणाचा दिवाणी दावा करता येईल का? मुदत रोगनिदानापासून धरतात की बाबांच्या नोकरीपासून? बाबांचा पीएफ नंबर आणि जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या आहेत, बायोप्सी रिपोर्टही आहे. आणखी कोणता पुरावा जमवू? महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिथे अर्ज करणारच आहे. पण असा खटला चालवलेला नागपूरकडचा वकील माहीत असेल तर कृपया कळवा. आईच्या हयातीतच दावा दाखल व्हावा, एवढीच धडपड आहे.