ब्रेक पॅड मागवताना नुसतं मॉडेल पाहू नका

गाडीचं मॉडेल आणि वर्ष बघून ऑनलाइन मागवलेले पॅड कधीकधी कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागात, बसत नाहीत. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलला दोन प्रकारचे कॅलिपर असू शकतात. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि जुन्या पॅडच्या मागच्या पत्र्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. न बसणारा पॅड कानशीने घासून कोंबू नका, कृपा करून! घट्ट बसलेला पॅड मागे सरत नाही, डिस्कला घासत राहतो, चाक तापतं. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला दाबणारा दट्ट्या) मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलची पातळी बघा. डबी काठोकाठ असेल तर ऑइल सांडून गाडीचा रंग खातं. स्लायडर पिनांना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही.